सांडूचा बाप

औरंगाबाद, १९४९

तीर्थरूप आईस,

पाया पडतो. तब्येत बरी हाय, भाकरी येळेवर मिळते. पण आज डोकं लई फिरलंय.

रझाकारांच्या भीतीनं आपण गाव सोडलं अन् घरात दुसराच घुसला. ते परत मिळायला निर्वासिताचा दाखला लागतो. आज कारकुनानं छावणीची यादी उघडली. तुझ्यापुढं नवऱ्याच्या रकान्यात ‘सांडूचा बाप’ लिहिलंय! छावणीत नावं लिहिली तवा मी पाण्याच्या रांगेत होतो. तू आबांचं नाव घेतलं नाय, ‘सांडूचा बाप’ म्हणालीस अन् लिहिणाऱ्यानं तसंच उतरवलं. आता हा म्हणतो, या नावाचा घरमालक नाय.

मी इचारलं, “तुमच्या आईनं तरी नवऱ्याचं नाव घेतलं का हो कधी?”

तर म्हणतो, “बाईला आणा. साहेबापुढं नाव सांगू द्या.”

गाव सोडताना आबा वाटंतच गेले, त्याची चौकशी कुणी केली नाय. नाव तेवढं पायजे!

गुडघा अजून दुखतो का? तरी सोमवारच्या मोटारीनं ये.

मामा, एवढं तिला दोनदा वाचून दाखवा. आई, तू नाव घ्यायचं नाय. मी घेईन, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तू फक्त मान हलव.

तुझा,
सांडू