चौथ्या आठवड्यातला खोकला

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. आजार लपवला म्हणून तू अजून बाबांवर रागावलेला आहेस, हे वाचलं, पत्राची घडी घालून ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कामाला लागले. काम काय, तेच. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागामागची बिनखिडकीची खोली आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याचा तक्ता. तापाचे किती आले, खोकल्याचे किती, दम लागलेले किती. आधीच्या आठवड्यापेक्षा जास्त की कमी. बदली मागितली की साहेब म्हणतात, साथ ओसरू दे, मग बघू. खोकला ओसरतो तोवर जुलाब सुरू होतात, ते थांबेपर्यंत उन्हानं चक्कर येऊन पडलेले यायला लागतात. नऊ वर्षं मी ओसरण्याची वाट बघतेय.

इथे मला सगळे वेधशाळा म्हणतात, ठाऊकच आहे तुला. नर्सबाई रजा टाकण्याआधी मला विचारून जातात. बाबांना तर त्याचं कोण कौतुक! शेजारी कुणी शिंकलं की ऐटीत सांगायचे, आमच्या मुलीला विचारा, कधी थांबणार ते. आणि खऱ्या वेधशाळेसारखं नाही, माझे अंदाज बरोबर यायचे रे. तेच नडलं.

त्या महिन्यात खोकल्याचा आलेख सलग तीन आठवडे चढला होता. चौथ्या आठवड्यात तो उतरायला लागला आणि नेमके तेव्हाच बाबा खोकायला लागले. आडवं झालं की जास्त. आधी दोन उशा घेतल्या, मग खुर्चीतच बसून झोपायला लागले. मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर परक्यांचे खोकले मोजत बसायचे.

शनिवारी त्यांना आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा साथीचा खोकला नाही, हृदय थकलंय, छातीत पाणी भरलंय, चार दिवस आधी आणायला हवं होतं. संध्याकाळी ते गेले. पुढच्या तक्त्यात दम लागलेल्यांच्या रकान्यात तेही होते. तो आकडा मीच भरला.

तू आलास आणि सगळ्यांसमोर विचारलंस, कुणालाच कसं कळलं नाही? मी म्हणाले, त्यांनी कळू दिलं नाही. तोंडातून निघून गेलं. मग नातेवाईक, शेजारी, सगळे तेच बोलायला लागले. मीही मान डोलवत राहिले, आणि आता सहा महिने त्यातून सुटता येत नाहीये. त्या खोलीत बसलं तरी तेच, घरी त्या खुर्चीसमोर बसलं तरी तेच.

म्हणून हे लिहितेय. बाबांनी काही लपवलं नव्हतं. बुधवारी सकाळी मी चपला घालत होते तेव्हा ते म्हणाले, "आज मला तुझ्याबरोबर ने. हे नेहमीचं वाटत नाही गं." मी घड्याळ बघत म्हणाले, "बाबा, साथ उतरतीये. चार दिवसांत बरं वाटेल." त्यांनी पायात सरकवलेल्या चपला काढल्या आणि परत खुर्चीत बसले. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. राग धरायचा तर माझ्यावर धर, त्यांना सोड.

तुझीच,
ताई