चार, सात आणि अकरा

जुईनगर, शनिवार

प्रिय गीतांजली,

फोनवर मला हळू बोलता येत नाही, ओरडल्यासारखे होते, म्हणून लिहिते आहे. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या तुझ्याच हातून बदलल्या, असे तू सोमवारी तुझ्या गाइडना, नंदकुमार सरांना सांगणार आणि पीएचडीचे दोन वर्षांचे काम पुन्हा पहिल्यापासून मांडणार, असे कळले. तसे करू नकोस.

चूक तुझी नाही, एवढे खात्रीने सांगते. बाकी कशाचीच खात्री उरलेली नाही. उंदरांची एकवीस दिवसांची पिल्ले आईपासून काढून बारा एकेकटी ठेवली, बारा चौघाचौघांत. एकट्यांना कोणी हात लावायचा नाही, वजनसुद्धा डब्यात कलंडवून घ्यायचे, हा नियम कंपनीच्या ॲनिमल हाउसची प्रमुख म्हणून मीच दारावर लावला. अशी वाढलेली पिल्ले बिथरतात, हात दिसला की चावतात. नऊ तशीच निघाली. तीन मात्र तुझ्या चाचणीत मोकळ्या जागेत मधोमध येऊन निवांत मिशा साफ करत बसली. चिठ्ठ्याच चुकल्या म्हणून तू रडलीस. मी म्हटले, आधी नोंदवही नीट वाच.

पिंजरे साफ करणाऱ्या हिरामणच्या चाचणीआधीच लक्षात आले होते. सात नंबरच्या पिंजऱ्यातला भुसा बदलताना म्हणाला, "मॅडम, ह्यो तर मानसाळलेला हाय." मी त्याला आपले काम बघायला सांगितले.

माझा स्वानंद तान्हा असताना रडला तरी उचलायचे नाही, सवय लागते, असे मी सासूबाईंना बजावले होते. आता तो महिन्यातून एकदा फोन करतो आणि फार सभ्यपणे बोलतो. हे इथे का लिहिले, कळत नाही. राहू दे.

एकदा त्या सात नंबरच्या पिल्लाची नखे वाढलेली दिसली. बघायला म्हणून त्याला हातात घेतले. थरथरला, मग शांत झाला. दुसऱ्या दिवशी नखांचे कारण नव्हते, तरी घेतले. पाच आठवडे, रोज, कंपनीची बस सुटायच्या आधी. एकट्या सातला घेणे पक्षपाताचे वाटले, म्हणून चार आणि अकरालाही. बाकीच्या नऊंना मात्र हात लावला नाही. ते तीन तू हिशेबातून गाळ. उरलेले नऊ चोख आहेत. गाळताना नोंदीत कारण द्यावे लागते. माझे नाव लिही, पूर्ण लिही. असे का केले, ती ओळ मी चारदा लिहून खोडली. सोमवारी सरांपुढे मीच उभी राहीन. तोवर सुचले तर बघू.

तुझीच,
सुचित्रा मॅडम