तोंडावरचा हात

सर, आज आठवीच्या वर्गात एक मुलगी तोंडावर हात धरून उत्तर देत होती आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "हात काढ. परत सांग." तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून अन्न गोड लागलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. निदान पत्ता शोधायची कटकट नाही.

नव्वदच्या दशकातला आमचा वर्ग. मी हरसूलकडची, नाशकात वसतिगृहात राहणारी. तुम्ही नौदलातून निवृत्त होऊन गणित शिकवायला आलेले; शर्ट पांढराशुभ्र आणि बुटांत तोंड दिसावं असं पॉलिश. पहिल्याच दिवशी तुम्ही नियम सांगितलात. जहाजावर हुकूम मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा, म्हणजे घोटाळा होत नाही. वर्गातही तसंच. उत्तर माझ्याकडे बघून द्यायचं आणि सांगितलं की परत म्हणायचं. बाकीच्या मुलींचं एकदोनदात भागायचं. मला मात्र तुम्ही चारचारदा म्हणायला लावायचात. माझ्या तोंडून 'नाय' निघालं की शहरातल्या मुली फिदीफिदी हसायच्या, म्हणून मी हाताआडून बोलायचे.

"नाय येत, सर."

"हात काढ. परत."

"नाय येत!"

सगळा वर्ग खिदळायचा, आणि तुम्ही शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत उभे. माझं डोकं भणाणून जायचं. मी तशी पहिल्यापासून डूख धरणारी. एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि सांगितलं, "सर माझ्या बोलण्याची मजा बघत्यात. गावाकडची हाय म्हणून." तुम्हाला ऑफिसात बोलावणं आलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या बाकासमोर येऊन उभे राहता. हात मागे, पाठ ताठ. सगळ्यांसमोर म्हणता, "माझी चूक झाली. मला माफ कर." आणि थांबता. तुमची नजर माझ्या चेहऱ्यावर, आणि माझा हात तोंडावर. मी अक्षर बोलत नाही. तुम्ही थोडा वेळ वाट बघता, मग मान हलवून म्हणता, "थँक यू." मागच्या बाकांवर हशा पिकतो.

त्यानंतर तुम्ही मला एकदाही उभं केलं नाहीत. माझ्यासाठीची गणितं चिठ्ठीवर लिहून बाकावर ठेवायचात आणि उत्तरही चिठ्ठीवरच घ्यायचात. त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर मी गणितात पहिली आले, आणि पेढे देताना तुम्हाला वगळलं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी स्वतः शिक्षिका झाले होते. तुमच्या घरी तुमच्या बायकोला, काकूंना, भेटायला आले. त्या म्हणाल्या, "जहाजाच्या इंजिनरूममध्ये कान गेले गं त्यांचे. माणसाचे ओठ बघून ऐकायचे. शाळेला कळलं तर काढून टाकतील, म्हणून ते परत म्हणायचं सोंग." बाईंसमोर एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर माझी तक्रार जागच्या जागी विरली असती. नोकरी गेली असती, वर्ग गेला असता. तुम्ही माफी मागणं पत्करलंत. मी काकूंसमोर "अरे देवा" म्हणाले, कपाळावर हात मारून घेतला. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुला कुठून कळणार होतं, पोरी?"

काकू अजून आहेत, सर. गेले की थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. खरं काय ते त्यांना सांगून टाकावं असं दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी थालीपीठ खाऊन परत येते. हा कागदही त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

कारण तक्रारीच्या आधीच्या रविवारी तुम्ही मला घरी शिकवायला बोलावलं होतंत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण त्रैराशिक सोडवत होतो. तुमच्या पाठीमागे कुकरची शिट्टी झाली. मी दचकले, तुमची पेन्सिल हललीसुद्धा नाही. मग काकूंनी टेबलावर दोनदा बोट वाजवलं, तुम्ही वर बघितलंत, आणि मगच त्या बोलल्या. मी काकूंनी दिलेल्या थालीपीठाचा घास हातात धरून बघत होते.

मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. म्हणूनच तुम्ही माफी मागितलीत तेव्हा मी हात काढला नाही.