कोऱ्या राहिलेल्या उत्तराबद्दल

तीर्थरूप बाबांना धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

विद्यापीठात माझं काम मुलाखतींचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं. देश सोडून आलेल्या माणसांवर मॅडमचं संशोधन आहे. ‘परत जायचंय का?’ या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नसेल, तर ‘नाही’ धरायचं, असा त्यांचा नियम. दोनशे अकरा जणांनी ती जागा कोरी ठेवली होती. नववी नापास माणसाने प्राध्यापकांना काय शिकवायचं, म्हणून तीन दिवस गप्प बसलो. काल सांगितलंच, "मॅडम, गप्प बसणं म्हणजे नाही नव्हे."

मॅडमनी चष्मा काढला. "अरे शहाण्या, हे आधी नाही का बोलायचं?" आता त्या सगळ्यांना पुन्हा भेटायचं आहे, आणि त्या मलाही बरोबर नेणार आहेत. तेव्हा नोकरीची काळजी नसावी.

बाबा, निघताना मी "जाऊ का?" विचारलं, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी ते ‘हो’ धरलं. बरोबर धरलं ना? एवढं मात्र लिहून कळवा.

तुमचा,
धाकटा