छतावरचं स्वैपाकघर

८ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्स-रेत मणका जुळलेला दिसतोय. म्हणाले, "अब लेटे मत रहने दीजिए. बेल्ट बाँधिए, वॉकर दीजिए, चलाइए." हाडानं हाडाचं काम केलं. घरी आल्यावर कुंदानं भिंतीकडे तोंड केलं. "आज नको हो." न्हाणीत घसरून पडली तेव्हापासून पडायची भीतीच बसलीये. वॉकर कपाटापाशी उभा आहे, त्यावर माझे टॉवेल वाळतात.

बोलणंही आटलंय. मला ते जास्त लागतं. कुं. बोलत नाही म्हणजे घरात कोणी नाहीच.

ठरवलं: आतल्या खोलीत तिच्यासाठी टीव्ही. जरा करमलं तर उठावंसं वाटेल.

९ मार्च

टेप लावून भिंत मोजली. मग सहज तिच्या शेजारी उताणा पडून पाहिलं. समोरची भिंत दिसतच नाही. दिसतो तो पंखा. एवढे दिवस बाई पंखा बघत पडलीये आणि मी बाहेर हॉलमध्ये क्रिकेट.

संध्याकाळी सदर बाजारात गुप्ताजींच्या टीव्हीच्या दुकानात. "अंकल जी, पचपन इंच ले जाइए. आंटी जी देखती क्या हैं?" रेल्वेत होतो तेव्हाही आणि रिटायर झाल्यावरही रिमोट माझ्याच हातात. ती हात पुसत दारात यायची, "कोण जिंकतंय?" विचारायची, आणि उत्तर ऐकायच्या आत कुकरकडे पळायची. बसून काही बघितलेलं आठवत नाही. रिकाम्या हातानं परत.

१२ मार्च

कुं.ला विचारलं, काय बघायला आवडेल? "काहीही लावा."

ऋताचा इंदूरहून फोन. पोरगी मराठीत सुरू होते आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरते. "बाबा, टीव्ही नको. प्रोजेक्टर लो, सीधे छत पे दिखेगा." याला म्हणतात डोकं! माझ्यावर गेलीये. तिला विचारलं, आईला काय आवडतं गं? "मुझे भी नहीं पता बाबा."

१६ मार्च

प्रोजेक्टर आला. आधी चित्र उलटं, मग आरशातल्यासारखं, मग सुलटं पण मधोमध पंख्याची पाती. पलंग खिडकीकडे सरकवला (कुं.सकट, हळूहळू). खिडकीवर जुनी चादर ठोकली, उजेड नको म्हणून. उजवीकडे छताला ओल आहे, ती नेमकी नायिकेच्या गालावर येते. मालिका लावली, मंदिरं लावली, कीर्तन लावलं. सगळ्याला "हं". एका पाककृतीच्या व्हिडिओला मात्र म्हणाली, "एवढं तेल?" आणि डोळे मिटले.

तेवढं दोन शब्दांचंच बोलणं. पण बोलली.

१९ मार्च. पाडवा

गुढी मी उभारली. तिरपी झालीये, चालेल. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावायचं, तिच्या माहेरचा दंडक. झाशीच्या बडा बाजारात पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं, पेन आणलं तरी कुंकू लावतील. म्हणून प्रोजेक्टरलाही लावलं. पुढे जे गोल दिसलं तिथे.

संध्याकाळी छतावर भलामोठा लाल डाग. बातम्या देणारा लाल, त्याच्या मागची संसद लाल. मी तारा काढून पुन्हा लावतोय, ऋताला फोन करतोय. पलंगावरून आवाज आला, "अहो, भिंगाला कुंकू लावलंत का?"

आणि हसली. पाठीत कळ येत होती तरी हसत होती. "नका हो हसवू" म्हणत होती, आणि मी काहीच करत नव्हतो. डाग दिसतो तसाच राहू द्यावा असं वाटत होतं.

२१ मार्च

चैत्रातली तीज. आज गौर पाळण्यात बसायची. पाळणा कुठल्या ट्रंकेत, कुठल्या साडीखाली, हे तिनं डोळे मिटून सांगितलं. सापडला. बसवली. मग म्हणाली, "हळदीकुंकू यंदा राहू दे." दरवर्षी झाशीतल्या मराठी बायका आमच्याकडे येतात, आंब्याची डाळ आणि पन्हं तिच्या हातचं. डोळ्यांतून पाणी. पाणी आणायला उठलो.

स्वैपाकघरात माझ्या हातून झाकण पडलं. लगेच: "काय पडलं? पितळी का स्टीलचं?"

२४ मार्च

आज पलंगावर बसून, हात हातात घेऊन विचारलं. खरं सांग, काय बघायचंय?

पंख्याकडे बघत म्हणाली, "माझं स्वैपाकघर."

मला वाटलं उचलून न्यायचं म्हणतेय. "नाही हो. नुसतं बघायचंय. तुम्ही काय काय करून ठेवलंय ते."

२६ मार्च

पुन्हा गुप्ताजी. म्हटलं, कॅमेरा पाहिजे, स्वैपाकघरात लावायला. आवाज हळू करत म्हणाले, "कामवाली पे नज़र रखनी है?"

"नहीं. मुझ पे."

तीन तऱ्हेचे दाखवले. एक नुसता बघणारा. एक मान फिरवणारा. एक मान फिरवणारा आणि बोलणारा, म्हणजे इकडून फोनवर बोललं की तिकडे कॅमेऱ्यातून आवाज येतो. गुप्ताजींना वाटलं मी मधला घेईन. मी बोलणारा घेतला. नुसता बघणारा कॅमेरा कुं.च्या काय कामाचा?

२८ मार्च

ऋतानं फोनवरून सगळं जोडून दिलं. कॅमेरा मांडणीच्या वर. छतावर आमचा ओटा, गॅस, आणि मी. कुं.च्या हातात तिचा फोन.

पहिलं वाक्य: "ते फडकं भांड्यांचं आहे, ओट्याचं नाही."

दुसरं: "वरणाला डाव नको, ओगराळं घ्या. खिळ्याला आहे." (खोल वाटीच्या पळीला तिच्याकडे ओगराळंच म्हणतात. आमच्या भुसावळकडच्या घरात हा शब्द कोणाला माहीत नव्हता. लग्नानंतर पहिल्या दिवशी मी चुकून गाळणी आणून दिली होती.)

मी वरण ढवळत राहिलो. मला वाटलं झोप लागली. कॅमेऱ्यातून हळूच आवाज: "वरून टक्कल दिसतंय हो तुमचं. कधी पडलं?"

ओगराळं हातात धरून उभा राहिलो.

२ एप्रिल

सकाळी डोळे उघडले की म्हणते, "लावा." शेजारच्या मिश्रा भाभीही दुपारी येऊन बसतात. दोघी मिळून मला बघतात. आज भाभी ओरडल्या, "दीदी, भाईसाब तौ नोन डारबो भूल गए!" मीठ घातलं. खिदळत होत्या. मी हल्ली स्वैपाकघरात जायच्या आधी केस विंचरतो, आहेत तेवढे. धुतलेला शर्ट घालतो. मजा येते, खोटं कशाला बोलू.

बोलते, हसते, जेवतेही नीट. उठत मात्र नाही.

५ एप्रिल

डॉक्टरांना फोनवर कौतुकानं सांगितलं. ते चिडले. "आपने तो बिस्तर में ही सिनेमा खोल दिया! अब वो उठेंगी क्यों?" पायांतली ताकद गेली तर पुढे मुश्किल होईल म्हणाले.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. दिवसभर हाच विचार. मी तिला बरं करतोय का तिथेच बांधून ठेवतोय?

६ एप्रिल

सांगून टाकलं, कॅमेरा काढतो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तेवढंच आहे मला," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दुपारी स्वैपाक केला तर घर पुन्हा पहिल्यासारखं. झाकण मुद्दाम पाडलं. काही नाही.

संध्याकाळी कॅमेरा पुन्हा वर चढवला. माझ्याच्यानं होत नाही. डॉक्टरांना सांगणार नाही.

११ एप्रिल

मंडईत कैऱ्या आल्यात. घेऊन आलो आणि जाहीर केलं: अक्षय तृतीयेला हळदीकुंकू होणार, डाळ मी करणार. कुं. म्हणाली, "तुम्ही?" त्या एका शब्दात आमचा सगळा संसार होता.

रंगीत तालीम लगेच. डाळ भिजवली होतीच. मिक्सरमध्ये घातली, फिरवली, अजून फिरवली. फोडणी ठेवली. वरून: "अहो, बास! भरड हवी! पीठ करताय! अहो...!" मिक्सरच्या आवाजात मला कुठलं ऐकू येतंय. बंद केला तर कॅमेऱ्यातून काहीच नाही. खोलीतून मात्र खरा आवाज, अगदी मोठा.

धावत गेलो. कोपरावर उठली होती. पाठ गादीपासून सुटलेली, चेहरा लाल. माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कोपराकडे.

मी नुसती उशी मागे सरकवली. डाळ लापशीसारखी झाली होती, तरी दोघांनी खाल्ली.

१४ एप्रिल

बेल्ट बांधून पलंगाच्या काठावर बसली. पाय जमिनीला. लादी गार लागली म्हणाली. थरथरत होती, माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलेत. मला ते वळ मिटूच नयेत असं वाटतंय.

मग वॉकरकडे बघून: "त्यावरचे टॉवेल काढा. शोभा आहे नुसती."

काढले. उभी नाही राहिली. "आज नको." पण आजचं 'आज नको' वेगळं होतं, किंवा मला तसं वाटलं.

१७ एप्रिल

ऋता म्हणते, "मम्मी चलेगी, देखना." मी तोंडानं मागायला जाईन आणि दृष्ट लागेल. वॉकर आता पलंगाला टेकून असतो. रोज सकाळी तो होता तिथेच आहे का, ते बघतो.

१९ एप्रिल. अक्षय तृतीया

हे ई-रिक्षात बसून लिहितोय. बडा बाजारात जाम आहे, रिक्षा हलत नाही, आणि हाताला काहीतरी काम हवंय.

सकाळी डाळ जमली. भरड. कुं.नं छतावरून पास केली, "कैरी अजून थोडी" एवढंच. झाकून ठेवली. भाभींना बसवून गजरे आणि ओटीचे हरभरे घ्यायला निघालो. "हओ भाईसाब, हम बैठे हैं."

गजरेवाल्यापाशी उभा होतो. सहज फोनवर कॅमेरा लावला. स्वैपाकघर रिकामं. ओट्यावर डाळीचं पातेलं. बंद करणार तेवढ्यात डाव्या कडेनं वॉकरचा एक पाय आत आला. थांबला. मग दुसरा पाय. मग ती.

भाभी कुठे दिसत नाहीत. कुकर बघायला घरी गेल्या असणार. कुं. एकटी. ओट्याला एक हात, वॉकरला एक. हलतेय, पण उभी आहे. वरून तिचा भांग दिसला. किती पांढरा झालाय. कधी झाला?

तिनं झाकण उचललं. बोटानं डाळ चाखली. मान हलवली, ती चांगली म्हणून का वाईट म्हणून, कळलं नाही. मग हात वर गेला, ओगराळ्याच्या खिळ्याकडे, टाच जराशी उचलली...

चित्र अडकलं. गल्लीत नेटवर्क नाही. मधोमध ते गोल फिरतंय. "बाबूजी, कितने गजरे?" तो विचारत होता, मी सगळेच घेतले.

अजून फिरतंय. हात वर, टाच उचललेली. कोपऱ्यात बोलायचं बटण आहे. दाबलं तर कदाचित आवाज पोचेल: कुंदा, धर कशाला तरी, मी येतोय. अंगठा केव्हाचा त्यावर आहे. दाबत नाहीये.

तिच्या स्वैपाकघरात तिला कोणी मध्ये बोललेलं चालत नाही.

रिक्षा हलली.