झेन की सँट्रो

२२ ऑक्टोबर, पाडवा
कुलदीप अकोल्याहून आला आणि दोघा भावांचं अंगणात तेच सुरू! थोरल्याची झेन, धाकट्याची सँट्रो. वीस वर्षं झाली, दर दिवाळीला बॉनेट उघडतात. अनुप म्हणे, "माही झेन हलकी हाय. बडनेऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा भेटला का तुही सँट्रो आरशातबी दिसत नाई." कुलदीप म्हणे, "माही १०८६ सीसी, तुही ९९३! चढावर एसी लावून दाखव." मग साठ बीएचपी की बासष्ट! अनरशाचं तूप करपलं, पण आकडे मला पाठ.

दोन्ही गाड्या ह्यांनी जायच्या आधी घेतलेल्या. कागद माझ्या नावावर — आपल्या माघारी पोरं भांडायला नकोत म्हणून!

६ नोव्हेंबर
गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. लिहून टाकलं एकदाचं.

डॉक्टर म्हणाले, किमो अकोल्याला घ्या, तीन आठवड्यांतून एकदा. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. "घरची गाडी आहे ना?" मी म्हटलं, दोन आहेत! आणि तेही ऐटीत.

९ नोव्हेंबर
मला कोण नेणार, हे ठरवायला कुलदीपला बोलावलं होतं. अनुप म्हणाला, "झेनची सीट लय खाली हाय. आईले बसता-उठता येनार नाई. सँट्रोच बरी, मस्त उंच हाय." मी बघतच राहिले. तर कुलदीप! "सँट्रोत आता जीव नाई राहिला. अकोल्याहून इथं याचं, आईले न्याचं, पुन्हा सोडाचं — इंजिन बसते! झेनचं अॅव्हरेज चांगलं. तूच ने, दादा."

वीस वर्षांत भावाच्या गाडीचं एवढं कौतुक दोघांनीही केलं नव्हतं. "अकोल्याला माह्याकडं राहाय" असं मात्र कुलदीपच्या तोंडून निघालं नाही. लाज वाटली — त्यांची नाही, माझीच. हेच वाढवले मी?

१३ नोव्हेंबर
कुलदीपचा फोन. "आई, दादाले सांग, सँट्रोचे शॉकअप गेले. तुले हिसके बसतीन." गाडीचं सगळं दुखणं सांगितलं. माझं विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर
पहिला किमो. एसटीनं गेले. अनुपची बायको ज्योत्स्ना रजा टाकून सोबत आली. येताना मूर्तिजापूरला उलटी झाली. खिडकी सरकेना, साडी भरली. मागचा माणूस आधी ओरडला, मग त्यानंच पाणी दिलं.

घरी आले तर झेन अंगणात. धुऊनपुसून चकचकीत!

२२ नोव्हेंबर
राजापेठेतल्या जुन्या गाड्यांच्या दलालाला बोलावलं. कुणाला विचारलं नाही.

अनुप धावत आला. "कावून विकून राहिली, आई? मक्खन चालते झेन!" कुलदीपचा फोन — "सँट्रो एक नंबर हाय, नागपूरले जाऊन आलो परवा!" परवा!

सह्या केल्या. दोन्ही गाड्यांच्या.

८ डिसेंबर
दुसरा किमो. ज्योत्स्नाला घेऊन भाड्याच्या गाडीत बसले. अनुप फाटकाशी आला. "आई, मले बी अकोल्याले काम हाय. येऊ का?"
म्हटलं, "सीट लय खाली हाय बापा. तुले बसता-उठता येनार नाई."