हळदीच्या मांडवात माझं सुतक

मानपाडा, डोंबिवली पूर्व

प्रिय हरिहरराव यांना सहदेवचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? त्याच्यापायी तुम्हाला मोहन्याहून लग्नाला येता आलं नाही, याची चुटपुट लागून राहिली. इकडे सगळे खुशाल. मी जरा जास्तच, कारण गेल्या रविवारी मी मेलेलो. (फोनवर तुम्ही रडलात, असं तुमची बहीण, म्हणजे आमची शालन, म्हणाली. बरं वाटलं.)

सगळं मूळ आमचा पुतण्या मयूर. डॉक्टरने माझं मटण बंद केलं, तसं मयूरने माझ्या हाताला एक घड्याळ बांधलं. ते ठोके मोजून फोनला सांगतं, फोन नकाशाला, नकाशा औषधांच्या ॲपला आणि ते शालनला. ॲपना एकमेकांशी बोलू दिलं की त्यांना माणसाची परिस्थिती कळते, असं त्याचं म्हणणं. अरे, माझी परिस्थिती मला कळत नाही! आमच्या भावकीत सख्खे भाऊ बांधावरून बोलेनासे झालेत, आणि माझ्या खिशात ही चावडी!

तर बाळकुमला आमच्या थोरल्या भावाच्या जागृतीची हळद. नवरामुलगा जहाजावर नोकरीला, आठवड्यात निघायचा. दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त चुकला असता तर लग्न वर्षभर लांबलं असतं. गल्लीत मांडव, म्हणून गाडी शेजारच्या हॉस्पिटलच्या आवारात लावली, आणि घड्याळाला हळद लागू नये म्हणून ते नि फोन गाडीतच ठेवले. झालं! घड्याळ म्हणालं ठोके नाहीत, फोन म्हणाला हालचाल नाही, नकाशा म्हणाला हॉस्पिटलात आहे. (एवढं एकमत आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कधी झालं नाही.) घरातल्या यच्चयावत फोनांवर मेसेज गेला: सहदेव यांचे ठोके बंद, ठिकाण हॉस्पिटल.

बेंजो थांबला. लग्नाची गाणी म्हणणारी आमची धवलारीण रंगूबाई अर्ध्या गाण्यातून थेट रडण्यात शिरली, सूर न बदलता. भावकीतला माणूस गेला म्हणजे सुतक, आणि सुतकात कसली हळद? जागृती एक गाल पिवळा नि एक कोरा घेऊन बसलेली. मयूर हॉस्पिटलकडे धावला. रंगूबाईने शालनला बांगड्या उतरव म्हणून सांगितलं, तर ही म्हणाली, "त्यांचं तोंड बघितल्याशिवाय एक बांगडी काढायची नाय मी."

मी मांडवामागे आचाऱ्याकडे देखरेखीला होतो. रडारड ऐकून पुढे धावलो. आता भर रडण्यात कोण गेलं म्हणून विचारणं बरं दिसतं का? म्हणून रंगूबाईमागे टेकलो आणि रडू लागलो. चांगलं मनापासून रडलो हो! मग हळूच विचारलं, कोण गेला गो? ती डोळे पुसत म्हणाली, "आपला सहदेव," मागे वळली आणि अशी किंचाळली की आचारी झारा घेऊन बाहेर आला.

सुटलो एकदाचे! बेंजो वाजला, पोरीचा दुसरा गाल रंगला, लग्न वेळेवर लागलं. शालनने सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच पदर तोंडाला लावून हमसून रडली. माझ्यासाठी कोणी इतकं रडेल असं मला वाटलं नव्हतं.

तुमचा (अजून तरी),
सहदेव

ता. क. हळद लागेल हे निमित्त. मांडवामागे मटणाचा टोप होता, आणि मटण पाहून ठोके वाढले की घड्याळ शालनला चुगली करतं. येत्या रविवारी इथे आणखी एक हळद आहे. घड्याळ आणि फोन सोबत पाठवतोय. तेवढा दिवस घड्याळ हातात घालून बसा, म्हणजे मी ठोक्यांसकट तुमच्याकडे आहे असं शालनला दिसेल. तिला कळू देऊ नका.

ता. क. दादा, मी शालन. पार्सल बांधायला यांनी माझ्याकडेच दिलं, एवढी अक्कल! घड्याळ पाठवत नाही, फोनही नाही; तो रविवारी गुपचूप यांच्या खिशात सरकवीन. घड्याळ मीच हातात घातलंय, आणि मयूरकडून माझे ठोके यांच्या फोनवर जातील असं करून घेतलंय. रविवारी खुशाल जाऊ देत हळदीला. यांनी टोपात हात घातला असं मयूरने कळवलं की मी घड्याळ काढून ठेवीन. मग त्यांनाही कळू दे, कसं वाटतं ते.